मच्छिंद्रच्या पाठीवरचे चट्टे

१

"बाई, मी माझ्या मालकाला विष घातलं का न्हाई, तेवढं सांगा. मंग आत येते."

कौसल्या दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. हातात कापडी पिशवी, डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही. सकाळची गर्दी नुकतीच ओसरली होती. डॉ. सत्यशीला खरात हात पुसत होती, ती तशीच थांबली.

"आधी आत या. पाणी प्या."

"पानी न्हाई पीत. माझ्या हातचं कोनी पीत न्हाई, मंग मी दुसऱ्याच्या हातचं कसं पिऊ?"

वाटूरच्या जवळच्या या आरोग्य केंद्रात सत्यशीला गेल्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली रुजू झाली होती. कौसल्याचा नवरा मच्छिंद्र तिच्याकडे पहिल्यांदा आला तो पावसाळ्यात. पाठीवर नायटा उठलाय, मलम द्या, एवढंच त्याचं म्हणणं. तीन-चार वर्षं तो वेगवेगळ्या ठिकाणची मलमं लावत होता. सत्यशीलाने त्याला सदरा काढायला लावला. चट्टा एक नव्हता. पाठीवर, कमरेवर, काखेखाली पैशाएवढे, तळहाताएवढे तांबूस-काळपट चट्टे होते. नायटा कडेने पसरतो आणि मधून निवळत जातो. हे मधूनही तसेच खपली धरलेले होते, कडा आखून काढल्यासारख्या. खाज नाही. बरगडीखालचा एक चट्टा तर फुटून त्याची जखम झाली होती आणि जखमेचा काठ कडक लागत होता.

तिने मलम दिलं नाही. चिठ्ठी देऊन त्याला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे चट्ट्यांचे तुकडे काढून तपासले. कातडीचा कर्करोग निघाला. बाकीचे वरच्या थरातच होते, बरगडीखालचा मात्र खोल शिरला होता. एकाच माणसाच्या अंगावर, तेही ऊन न लागणाऱ्या जागी, असा कर्करोग इतक्या ठिकाणी सहसा दिसत नाही. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी मच्छिंद्रचे तळहात उलटे-सुलटे करून पाहिले आणि सहज विचारलं, "तुझ्या पोटात कधी सोमल गेलाय का रे? विष असतं ते."

त्यांनी नुसतं विचारलं होतं. पण सोबत गेलेला धाकटा भाऊ कारभारी याने ते ऐकलं, आणि घरी पोचेपर्यंत त्या प्रश्नाचं उत्तर झालं होतं.

"भावजींनी भर बाजारात वरडून सांगितलं," कौसल्या म्हणाली. आता ती उंबऱ्यावर टेकली होती. "ही बाई माझ्या भावाला जेवनातून विष देऊन राह्यली म्हने. लोकं गोळा झाले. घरी आले तर ह्यांनी मी वाढलेलं ताट सरकवलं. तोंडानं काई बोलले न्हाईत. नुसतं सरकवलं. मंग माझा भाऊ येऊन मला माहेरी घेऊन गेला."

"घरात उंदराचं औषध, कीड मारायचं औषध असतं का?"

"फवारनीचं असतं. ते भावजी आनतात, भावजीच कुलपात ठिवतात." तिने नाक पुसलं. "बाई, लग्नात भटजीनं हातात हात दिला तवा काटं टोचल्यावानी झाल्तं मला. मी मनात म्हनलं, मानूस कष्टाचा हाय, आपलं चांगलं होईल. सोळा-सतरा वर्षं त्याच हाताला भाकर वाढली. मी विष घालीन का?"

ती रडायला लागली, आणि सत्यशीलाचं लक्ष तिच्या रडण्याकडेच राहिलं. ती काय बोलली याकडे तेव्हा तिने लक्ष दिलं नाही.

"कौसल्याबाई, मला अजून काहीच कळलेलं नाही. पण तुमच्या घरी मी जाते."

"जल्दी जा," कौसल्या म्हणाली. "ते आपरेशनला न्हाई म्हनून राह्यलेत. घरातच वैरी असला तर बरं होऊन करू काय, असं म्हनत्यात."

२

आरोग्यसेवक भिवा सत्यशीलाबरोबर निघाला. या भागातली घरं आणि घरांमधली भांडणं त्याला ठाऊक होती, आणि कोणत्याही गोष्टीत आरोपी आधी ठरवून टाकायची त्याला खोड होती.

"मॅडम, बाई न्हाई. भाऊच हाय ह्याच्यात," जीपमध्ये बसल्या बसल्याच तो म्हणाला. "जमीन दोघांची. वहिनीला घालवली, दादा गेला, की सगळं एकाचं."

मच्छिंद्र ओसरीत बाजेवर पालथा पडला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण चेहरा ओढलेला. म्हातारी आई सगुणाबाई त्याच्या उशाशी बसून पंख्याने माश्या हाकत होती. अंगणात कारभारीची पाच वर्षांची मुलगी उषा खेळत होती. कारभारीची बायको दुसऱ्या बाळंतपणाला दिवाळीपासून माहेरी होती, त्यामुळे पोर आजीच्याच अंगावर पडली होती.

"तुम्ही ऑपरेशनला का नाही म्हणता?" सत्यशीलाने मच्छिंद्रला विचारलं.

"मॅडम, मला समजंनाच काई." तो मान न उचलता बोलला. "तिनं घातलं म्हनावं तर मन घेत न्हाई. न्हाई घातलं म्हनावं तर डॉक्टरनं इचारलं कशाला? इचार करून करून डोकं बंद पडलंय. आता माय देती तेवढंच खातो."

"हात दाखवा."

त्याने तळहात पुढे केले. पावसाळ्यात तिने पाठच पाहिली होती, हातांकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. तळव्यावर बाजरीच्या दाण्याएवढी टणक, पिवळसर कुरुपं उगवली होती. नांगर-कुऱ्हाड धरणाऱ्याला घट्टे पडतात ते बोटांच्या मुळाशी. याची कुरुपं तळव्याच्या खळग्यातही होती, जिथे अवजार टेकतच नाही. पायांच्या तळव्यांवरही तशीच. पोटावर काळपट कातडीत फिकट ठिपके होते, धुळीच्या वाटेवर पावसाचे चार थेंब पडून जावेत तसे. हे चित्र तिने पुस्तकात पाहिलं होतं. जिवंत माणसावर पहिल्यांदाच पाहत होती. सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या, जुन्या विषबाधेची ही खूण.

मग तिने सगुणाबाईचे हात पाहिले. साध्या म्हाताऱ्या हातांच्या सुरकुत्या, बाकी काही नाही. शेतातून आलेल्या कारभारीचे पाहिले. बोटांच्या मुळाशी घट्टे, तळवे स्वच्छ. कौसल्याचे हात तर तिने सकाळीच डोळे पुसताना पाहिले होते.

"पाणी कुठलं पिता?"

"आमच्याच विहिरीचं. सगळेच तेच पितो," कारभारी म्हणाला. "मॅडम, पान्याचं काय काढलं? पान्यात असतं तर आम्ही सगळेच पडलो असतो ना? भाकरीतच हाय ते."

"भाकरीही सगळे तीच खात होता."

"दादाचं ताट ती येगळं वाढायची," तो म्हणाला आणि तोंड फिरवून गोठ्याकडे गेला.

सगुणाबाईने उषाला हाक मारली. पोर धापा टाकत आली. छातीतून बारीक शीळ वाजत होती. म्हातारीने कनवटीची गुळाची गोळी काढून तिच्या तोंडात घातली. पोरीने तोंड वाकडं केलं, गिळली आणि पुन्हा पळाली.

"लई धावती," सगुणाबाई कौतुकाने म्हणाली. "दिवाळीपरीस बरी हाय आता."

सत्यशीलाने मान हलवली. तिचं लक्ष मच्छिंद्रच्या नखांकडे होतं. तिने त्याची नखं आणि केस कापून घेतले, लघवी घेतली आणि तपासायला पाठवली. सोमल पोटात जात असेल तर तो नखा-केसांत सापडतोच.

पुढच्या आठवड्यात औरंगाबादहून फोन आला.

"मॅडम, तुमच्या रुग्णाच्या अंगात सोमलाचा कणही नाही," पलीकडून आवाज आला. "नखं स्वच्छ, केस स्वच्छ. नक्की त्याचीच पाठवली होती ना?"

३

तिनेच कापली होती, त्याचीच होती.

सत्यशीलाने फोन ठेवला. कातडी सांगत होती, विष आहे. नखं सांगत होती, विष नाही. एकाच अंगाच्या दोन साक्षी, आणि दोन्हींवर तिचा विश्वास होता.

"मंग विष न्हाईच!" भिवाने निकाल दिला. "कौसल्याबाई सुटली."

"मग हातावरची कुरुपं कशाची? चट्टे कशाचे?"

"मंग विष हाय."

"भिवाकाका, एक काहीतरी ठरवा."

"मी तर ठरवलंय मॅडम. कारभारी. तपास होनार म्हनून त्यानं द्यायचं बंद केलं असंल."

हे तिलाही खोडून काढता येईना. ती कारभारीला भेटायला शेतावर गेली. कापसाची वेचणी चालू होती. बांधावरच्या पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं. तिने नुसतं कुलपाकडे पाहिलं आणि कारभारी समजला. त्याने कुलूप काढून दार सताड उघडलं.

"बघा. सगळ्या बाटल्या बघा. तुमचा संशय माझ्यावर हाय, भिवा गावभर बोलून राह्यला."

तिने एकेक बाटली हातात घेऊन वाचली. सगळी कपाशीच्या फवारणीची औषधं. पोटात गेली तर माणूस काही तासांत तोंडाला फेस येऊन पडतो. वर्षानुवर्षं चट्टे उठवत बसणारं हे विष नव्हे, आणि सोमल त्यातल्या एकातही नव्हता.

"तुम्ही वहिनीवर एवढा मोठा आळ घेतलात," ती म्हणाली. "पाहिलं होतं का काही?"

कारभारी बांधावर बसला. "पाह्यलं न्हाई. पन मॅडम, बाप लौकर गेला. दादानं मला खांद्यावर बसवून शाळंत नेलं. सोता न्हाई शिकला. त्याच्या पाठीचं मास सडाय लागलंय आन डॉक्टर म्हनतो विष. मंग मी कोनाला धरू? हवेला?" त्याने ढेकूळ उचलून फेकलं. "घरात बाहेरून आलेली ती येकलीच. तिलाच धरलं."

सत्यशीला उठली. जाता जाता तिने विचारलं, "तुमच्या घरात आणखी कुणाला असे चट्टे, अशी कुरुपं?"

"न्हाई. घरात कोनालाच न्हाई." मग तो थांबला. "अक्काचे हात खरबरीत हायेत. आमची थोरली बहीन, नंदाअक्का. अंकुशनगरला दिली. आम्ही तिला चिडवायचो, तुझे हात किसनी हायेत म्हनून. पन तिचा काय संबंध? ती ह्या घरात वीस-पंचवीस वर्षांत कधी राह्यलीच न्हाई."

सत्यशीला तिथेच उभी राहिली. डोक्यातला गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

४

अंकुशनगरला साखर कारखान्याचा गळीत हंगाम जोरात होता. हवेत मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. नंदाबाईचा नवरा कारखान्यात कामाला. ती स्वतः घराच्या पडवीत शिवणयंत्र चालवायची. सत्यशीलाने ओळख सांगितली तशी तिने हात पटकन पदराखाली घेतले.

"अक्का, हात बघू द्या."

"काई न्हाई हो त्याला. लहानपनापासूनच असेत."

तळवे उघडले. तीच पिवळसर कुरुपं, तोच खळग्यात भरलेला बाजरीचा दाणा. नंदाबाई आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेली, नांगराला हात न लावलेली बाई. सत्यशीलाने दार लोटून घेतलं आणि तिला पाठ दाखवायला सांगितलं. कमरेवर, नाडीच्या जरा वर, रुपयाएवढा तांबूस चट्टा होता. कडा आखीव, वर खपली.

"हा कधीपासून?"

"दोनेक वर्षं. नाडी काचती तिथं. मलम लावते."

सत्यशीलाने स्टूल ओढलं आणि बसली. आता कुठे एक धागा हाताला लागत होता. नंदाबाईने कौसल्याच्या हातची भाकरी खाल्ली असेल ती सणावाराला. तिचं लग्न कौसल्या घरात यायच्या कितीतरी आधी झालेलं. म्हणजे दोघा भावंडांच्या पोटात जे गेलं ते त्याही आधी, दोघं एका घरात असताना. आणि तिला एकदम आठवलं. कौसल्या उंबऱ्यावर बसून रडता रडता म्हणाली होती: लग्नात हातात हात दिला तेव्हा काटे टोचल्यासारखे झाले. कष्टाचे घट्टे समजून तिने ते मनाला लावून घेतले नव्हते. पण ते घट्टे नव्हते. त्या घरातला पहिला घास कौसल्याने रांधला त्याच्या आधीच विषाने मच्छिंद्रच्या हातावर आपली खूण ठेवली होती.

म्हणून नखं स्वच्छ होती. विष कधीच निघून गेलं होतं. नखं वाढतात, कापली जातात, केस गळतात. कातडीतल्या पेशींचं बिघडलेलं मात्र तसंच राहतं आणि वीस-तीस वर्षांनी वर येतं. दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. एक आजची होती, एक तेव्हाची.

"अक्का, लहानपणी तुम्हाला दोघांना काय व्हायचं? कारभारीला न होणारं?"

"दमा." नंदाबाईने क्षणाचाही विचार केला नाही. "मला आन मच्छूला. छाती अशी भरायची की वाटायचं आता जीव जातो. कारभारी लई मागून झाला, त्याला न्हाई झाला कधी."

"औषध काय होतं?"

"माय बैलगाडीत घालून जालन्याला न्यायची. मस्तगडात एक वैद्य होते. ते पांढरी पूड द्यायचे. माय गुळात गोळी करून चारायची, रोज, कितीतरी वर्षं." तिने तोंड कडू केलं. "मला आजून गूळ चालत न्हाई. पन दमा गेला बरं का. दोघांचाबी."

गुळाची गोळी.

सत्यशीलाच्या डोळ्यांसमोर अंगणातली धापा टाकणारी पोर उभी राहिली. पण लगेच तिने स्वतःला समजावलं: वैद्य एव्हाना मेले असतील. म्हाताऱ्या बाईने नातीला साधा गूळही द्यायचा नाही का? गुळाच्या गोळीवरून आजीवर आळ घ्यायचा, तर कारभारीत आणि आपल्यात फरक काय?

"जालन्यावरून जाऊ," ती भिवाला म्हणाली. "मस्तगडला."

५

वैद्यांच्या दुकानात आता बांगड्या होत्या. गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसला होता, पन्नाशीचा, चष्मा लावलेला गृहस्थ. वडील जाऊन दहा-अकरा वर्षं झाली, म्हणाला. सत्यशीलाने आपलं काम सांगितलं तसा तो उठून दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेला.

"दम्याची पूड म्हणता? सोमलच होता त्यात." त्याने काही लपवलं नाही. "शोधलेला, म्हणजे शुद्ध केलेला सोमल. वडील म्हणायचे, शोधण्यात जरा कमी राहिलं तर औषधाचं विष होतं. म्हातारपणी त्यांची नजर गेली, हात कापायला लागले. ते गेल्यावर मी सगळं मातीत पुरलं. बांगड्यांना कुणी मरत नाही."

"गुण येत होता लोकांना?"

"येत असावा. लांबून लांबून यायचे. अजूनही येतात कुणीकुणी विचारायला." तो आठवत म्हणाला. "दिवाळीच्या नंतर एक म्हातारी आली होती, परतूर-वाटूरकडची. बसनं आली होती बिचारी. नातीला पाहिजे म्हणाली. मी सांगितलं, आजी, ते औषध बंद झालं, दवाखान्यात दाखवा."

"मग?"

"हसली. म्हणाली, बरं झालं, घरी जुनी बाटली आहे थोडी, तीच पुरवून पुरवून देते."

सत्यशीला उभीच राहिली. भिवाने आधी जीपकडे धाव घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आरोपीचं नाव घेतलं नाही.

६

दिवेलागणीला जीप दारात थांबली. सगुणाबाई चुलीपुढे बसून गूळ मळत होती आणि उषा तिच्या मांडीला टेकून उभी होती.

"सगुणाआजी, थांबा! ती गोळी देऊ नका!"

ओसरीतून मच्छिंद्र उठून बसला. गोठ्यातून कारभारी धावत आला. म्हातारी हातात गोळी धरून सगळ्यांकडे पाहत राहिली.

"काय झालं? औषीद हाय ते. पोरीच्या छातीचं."

"कुठलं औषध? मला का न्हाई सांगितलं?" कारभारी ओरडला.

"तुला सांगून काय? तू वैद्याला शिव्या देतो. तिची माय न्हाई हितं. पोर रातभर बसून राह्यची. मीच मच्छूचं जुनं काढलं." तिने फडताळातून काळपट बाटली काढली. तळाशी पांढरी पूड होती. "ह्यानं माझी दोन लेकरं वाचली. तिलाबी गुन आला."

सत्यशीलाने बाटली हातातून घेतली. इतका वेळ ती बोलायचं जुळवत आली होती, पण या म्हातारीच्या तोंडावर ते कसं सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

"बोला मॅडम," मच्छिंद्र म्हणाला. "मला आता कळू द्या."

तिने हळूहळू सांगितलं. पाण्यात विष असतं तर सगळ्यांचे हात तसे झाले असते. जेवणात आज विष असतं तर नखांत सापडलं असतं. कौसल्याने घातलं असतं तर अंकुशनगरच्या नंदाअक्काच्या हातावर तेच कसं उठलं? आणि लग्नाच्या दिवशीच कौसल्याला तुमचा हात काट्यासारखा लागला होता. तुम्हा दोघांनाच मिळालं आणि कारभारीला मिळालं नाही, असं या घरात एकच होतं. दम्याची पूड.

चुलीतलं लाकूड कोसळलं.

"मंग मीच का?" सगुणाबाईने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, एखादा हिशेब समजून घेत असल्यासारखा. "बाई, त्या वक्ताला ह्यो निळा पडायचा. मी मांडीवर घेऊन बसायची. त्या पुडीनं जगला ह्यो. जगला का न्हाई?"

"कदाचित त्यानेच जगले असतील, आजी. मला खात्रीने सांगता येत नाही."

"आन त्यानंच आता मरून राह्यला."

"मरत नाहीत ते. ऑपरेशन केलं तर नाही."

कारभारीने उषाला उचलून छातीशी धरलं होतं. तो तिचे चिमुकले तळवे दिव्यापुढे धरून पुन्हा पुन्हा पाहत होता. तळवे मऊ होते. तरी त्याला पटेना. त्याने ते सत्यशीलापुढे केले.

"काई न्हाई ना? मॅडम, बराबर बघा ना. काई न्हाई ना?"

"आत्ता काही दिसत नाही. तपासणी करू. थोड्या दिवसांचंच आहे, निघून जाईल. दम्याला मी औषध देते, तोंडाने ओढायचं. पण इथून पुढे ती मोठी होईल तशी तिची कातडी आपल्याला पाहत राहावं लागेल."

उषाच्या तपासणीत सोमल निघाला. ज्या विषासाठी सगळं गाव कौसल्याला धरून बसलं होतं, ते सापडलं ते कारभारीच्याच लेकीच्या अंगात. पुढच्या तपासण्यांत ते उतरत उतरत नाहीसं झालं. तोवर कारभारी नीट जेवला नाही.

७

मच्छिंद्रने ऑपरेशनला होकार दिला, पण कौसल्याला आणायला जायची त्याची छाती होईना. कारभारी जायला निघाला आणि बसथांब्यावरून परत आला. शेवटी सगुणाबाई एकटीच गेली.

कौसल्याच्या भावाने तिला दारातच अडवलं. म्हातारीने आत जायचा हट्ट धरला नाही. अंगणात, शेजारपाजारच्या बायका ऐकत असताना, ती उभ्यानेच बोलली.

"विष माझ्या हातचं व्हतं. हिच्या हातचं न्हाई. माझ्या लेकाला मी चारलं, लेकीला चारलं, नातीलाबी चारलं. मला म्हाईत नव्हतं. पन हिला घराबाहेर काढलं तवा मी तितंच बसले व्हते आन गप बसले. ते तर मला म्हाईत व्हतं."

कौसल्या आतून बाहेर आली. तिने सासूला खाली बसवलं, पाणी दिलं. म्हातारी ते घोट घोट करून सगळं प्यायली.

"आत्याबाई, तुमी चुकून केलं," कौसल्या म्हणाली. "लेकरं वाचावी म्हनून केलं. त्याचा राग न्हाई मला. पन ह्यांनी ताट सरकवलं ते चुकून न्हाई सरकवलं."

"न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "ते चुकून न्हाई."

"दवाखान्यात मी राहीन त्यांच्याजवळ. तितं दुसरं कोनी हाय बी न्हाई. पुढचं पुढं बघू."

औरंगाबादला मच्छिंद्रच्या बरगडीखालचा भाग खोलवर कापून काढला. मांडीची कातडी काढून तिथे लावली. नंदाबाईचा चट्टा वेळेत हाती लागला होता, तिचं काम साध्या टाक्यांवर भागलं. मच्छिंद्र महिनाभर पालथा होता. कौसल्या त्याच्या कॉटशेजारी सतरंजी टाकून राहिली. तिने त्याला औषध दिलं, अंग पुसलं, पण जेवण दवाखान्यातलंच घ्यायला लावलं. स्वतः करून आणलं नाही.

एक दिवस तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कौसल्ये, मला दवाखान्यातलं जात न्हाई."

"मंग?"

"तू कर."

"आन त्यात काई असलं तर?"

मच्छिंद्र रडला. आवाज न करता, पालथा, उशीत तोंड खुपसून. खांदे हलत होते म्हणून तिला कळलं. दुसऱ्या दिवशीही तिने काही रांधलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती बाहेर जाऊन एका ओळखीच्या बाईच्या चुलीवर दोन भाकरी थापून घेऊन आली. आधी स्वतः तुकडा मोडून खाल्ला नाही. तसंच त्याच्यापुढे ठेवलं आणि बघत बसली. त्याने खाल्लं.

घरी परतल्यावर सत्यशीलाने कौसल्याला समोर बसवून शिकवलं. आहेत ते चट्टे काढले तरी नवे उठू शकतील, कारण सगळ्या कातडीनेच तो मार खाल्ला आहे. खपली धरणारा, मलमाने न जाणारा, कडक लागणारा, सहज रक्त येणारा असा कुठलाही ठिपका दिसला की थांबायचं नाही. पाठ माणसाला स्वतःला दिसत नाही, ती दुसऱ्यानेच पाहावी लागते.

त्यानंतर कौसल्या दर अमावास्येला सकाळी नवऱ्याला उन्हात उघडा उभा करी. "वळा," म्हणे. तो वळे. ती मानेपासून घोट्यापर्यंत बोट फिरवत जाई, आणि कारभारी समोरून गेला तरी तिचा हात थांबत नसे. कारभारीशी ती दोन वर्षं बोलली नाही. मग एका सकाळी तो उषाला घेऊन आला आणि त्याने पोरीचे तळवे तिच्यापुढे धरले. कौसल्याने ते उजेडाकडे वळवून नीट पाहिले.

"काई न्हाई," ती म्हणाली. "पुढच्या अमावास्येला आना."